विणकामाची सुई कशी निवडावी: लोकर पाहून की हात पाहून?

(विणकाम करणाऱ्या चौघांची ही चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव दिले आहे.)

पहिली ओळ

सुयांविषयी बोलणे निघाले की ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून विषय मिटवला जातो आणि नव्याने शिकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. माझे मत असे आहे की सुई लोकर पाहून निवडावी. आवडीचा प्रश्न त्यानंतरचा. रेशमी धागा मुळातच निसरडा असतो. तो गुळगुळीत स्टीलच्या सुईवर घेतला, तर हात जरा ढिला पडताच टोकाकडचे चार-पाच टाके सुईवरून उतरतात; तोच धागा बांबूच्या सुईवर जागचा हलत नाही. याउलट मोहेरसारखी केसाळ लोकर बांबूला धरून बसते आणि प्रत्येक टाका बोटाने पुढे ढकलावा लागतो. तिथे धातूचीच सुई हवी.

हे मी एका स्वेटरवर शिकले. त्याची पाठ आणि पुढचा भाग ४ मिमीच्या स्टीलच्या सुयांवर विणला होता. बाही मात्र, त्या वेळी जवळ होत्या म्हणून, बांबूच्या सुयांवर घेतली. त्याही ४ मिमीच्याच असल्यामुळे फरक पडणार नाही असे मी गृहीत धरले होते. पूर्ण झाल्यावर पट्टी ठेवून मोजले, तेव्हा पाठीवर १० सेंमीत २१ टाके भरले आणि बाहीवर २२. ६६ टाक्यांची ती बाही ३० सेंमी रुंद झाली. पाठीच्या हिशेबाने ती साडेएकतीसच्या जवळपास यायला हवी होती. माप तर चुकलेच, शिवाय शेजारी ठेवल्यावर दोन्हींचा पोत वेगळा दिसत होता. सुई कशाची आहे याने एवढा फरक पडत असेल, तर ती निव्वळ आवडीवर कशी सोडायची?

गोल सुई

मला हे मत पटत नाही. लोकर दुसरी आणता येते, अंगठ्याचा सांधा दुसरा आणता येत नाही. मी अनेक वर्षे ३५ सेंमीच्या सरळ धातूच्या सुयांवर विणत होते. स्वेटरची पाठ अर्धी होईपर्यंत काही वाटत नसे. त्यानंतर विणलेल्या भागाचे सगळे वजन एका सुईवर लोंबू लागे आणि प्रत्येक ओळीला ते वजन मनगटाने उचलावे लागे. पुढे मी ८० सेंमीची गोल सुई घेतली. तिच्या मधल्या लवचिक तारेवर बहुतेक टाके सरकून राहतात आणि विणलेला भाग मांडीवर विसावतो. गोल सुई फक्त टोपी किंवा गळ्यासाठी असते हा समज चुकीचा आहे; ओळ संपली की काम उलटून घ्यावे, सपाट भागही तिच्यावर उत्तम विणला जातो. धातू हाताला गार आणि कठीण लागतो, बांबू तसा लागत नाही, हेही ज्यांची बोटे दुखतात त्यांना विचारून पाहावे. ज्या सुईने तासभर विणून हात दुखतो, ती लोकरीला कितीही शोभत असली तरी माझ्या उपयोगाची नाही.

जाळीची वीण

आतापर्यंत दोघीही सुई कशाची आहे, सरळ की गोल, एवढेच बोलत आहात. सुईच्या टोकाचे काय? जाळीच्या विणीत तीन टाके एकत्र घ्यायचे असतात. तिथे बोथट टोक आत शिरतच नाही आणि ओढाताणीत शेजारचे टाके सैल होतात. मात्र सैल पिळाच्या चारपदरी लोकरीवर फार अणकुचीदार टोक वापरले, तर ते धाग्याच्या मधूनच जाते: तीन पदर टाक्यात येतात, चौथा बाहेर राहतो, आणि ती बारीक कडी दोन-तीन ओळी पुढे गेल्यावर नजरेस पडते. तेव्हा तिथवर उसवण्यावाचून गत्यंतर नसते. मी नव्या माणसाला आधी टोक पाहायला सांगेन.

पहिली ओळ

टोकाचा मुद्दा मान्य आहे आणि तो माझ्याच बाजूचा आहे, कारण टोकही लोकर आणि वीण पाहूनच ठरते. गोल सुईचा मुद्दाही मान्य. पण ती आकाराची निवड झाली. गोल सुई धातूचीही मिळते, म्हणजे हात सांभाळूनही लोकरीला योग्य सुई घेता येते.

सैल हात

‘निसरड्या धाग्याला बांबू, केसाळ लोकरीला धातू’ हा नियम कागदावर चांगला दिसतो, पण तो विणणाऱ्याला वगळून केलेला आहे. माझा हात सैल आहे. धातूवर माझे टाके हवे त्यापेक्षा मोठे येतात, म्हणून मी साधी लोकरही बांबूवर विणते. माझ्या बहिणीचा हात इतका घट्ट आहे की बांबूवर तिचे टाके सरकतच नाहीत. ती तीच लोकर धातूवर विणते. लोकर एक, नमुना एक, सुया दोन प्रकारच्या, आणि दोघींच्या १० सेंमीत टाके मात्र सारखे. पहिली ओळ यांच्या बाहीची गोष्टही मला हेच सांगते: लोकर तीच होती, बदलले ते सुईवर हाताचे वागणे.

माझ्या उलट टाक्यांच्या ओळी सुलट ओळींपेक्षा सैल येतात आणि कापडावर आडवे पट्टे दिसतात. त्यासाठी मी सुटी टोके बसवण्याच्या गोल सुईला एका बाजूला ४ मिमीचे आणि दुसऱ्या बाजूला ३.५ मिमीचे टोक लावते, आणि उलट ओळ बारीक टोकाने विणते. लोकरीकडे कितीही पाहिले असते तरी हा उपाय सुचला नसता.

एक विनंतीही आहे: सुईची जाडी मिमीमध्येच सांगावी. जुन्या ब्रिटिश मोजणीत ८ नंबर म्हणजे ४ मिमी आणि अमेरिकन मोजणीत ५ मिमी. शिवाय ब्रिटिश मोजणीत नंबर वाढला की सुई बारीक होते आणि अमेरिकन मोजणीत जाड.

गोल सुई

सैल हात यांच्या म्हणण्यात मी एवढीच भर घालीन की हातही रोज सारखा नसतो. दमलेल्या संध्याकाळी माझे टाके घट्ट येतात. म्हणून मुख्य विणकामाआधी मापासाठी विणायचा नमुन्याचा चौकोन एका बैठकीत संपवू नये, दोन दिवसांत विणावा आणि १० सेंमीचे माप त्यावरून घ्यावे.

पहिली ओळ

बाहीत लोकर बदललीच नव्हती, हे सैल हात यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. तरीही ज्याला आपला हात सैल आहे की घट्ट हेच अजून कळलेले नाही, त्याला सुरुवात लोकरीपासूनच करून द्यावी लागेल, या मतावर मी ठाम आहे. निसरडा धागा आणि गुळगुळीत सुई एकत्र हातात पडली की पहिल्याच आठवड्यात विणकाम सुटते, हे मी शिकवताना पाहिले आहे. माझी बाही मी काल उसवली. धुऊन वाळल्यावर ती लोकर सरळ झाली की पाठीच्याच स्टीलच्या सुयांवर पुन्हा ६६ टाके घालणार आहे, आणि या वेळी दहाव्या ओळीलाच पट्टी लावून पाहीन.