रेमिंग्टन १८५८ मध्ये .४५ कोल्ट: कोणती काडतुसं चालतील?

टेक्सासकर: पिएटा कंपनीच्या स्टील फ्रेमच्या १८५८ रेमिंग्टनला (.४४, काळ्या दारूचं जुन्या धाटणीचं रिव्हॉल्व्हर) कन्व्हर्जन सिलिंडर (तयार काडतुसं चालवता येणारा बदली सिलिंडर) घेतोय. दुकानात .४५ कोल्टचे पाच-सहा प्रकार दिसले. त्यातलं कुठलंही चालेल का?

काळीदारू: नाही हो, कुठलंही नाही! खोक्यावर ‘काउबॉय’ लिहिलेली, साध्या शिशाच्या गोळीची आणि कमी वेगाचीच घ्या. तांब्याचं आवरण असलेली गोळी नको. आधुनिक .४५ कोल्टची दाबमर्यादाच १४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे आणि ‘फक्त रुगरसाठी’ (रुगर कंपनीच्या जास्त मजबूत रिव्हॉल्व्हरांसाठी) म्हणून येणारी काडतुसं तिच्याही कितीतरी वर जातात. ती सिलिंडरमध्ये आरामात बसतात, धोका तिथेच आहे. सिलिंडर नवा असला तरी फ्रेम आणि नळी काळ्या दारूच्या हिशेबानेच बनवलेली असते.

टेक्सासकर: आणि काडतुसं घरी भरली तर?

काळीदारू: मी स्वतः काळी दारूच भरतो. गोळीखाली पोकळी न ठेवता भरायची असल्याने दुप्पट माप मावतच नाही. धूररहित पावडर थोडीशीच लागते, त्या मोठ्या पुंगळीत (काडतुसाच्या कवचात) दोनदा पडली तरी सहज मावते. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत बॅटरीच्या उजेडात डोकावून बघाच.

नेमबाज_ताई: सिलिंडर पिएटासाठी बनवलेलाच मागवा, उबर्टी या दुसऱ्या कंपनीच्या रिव्हॉल्व्हरसाठीचा बसत नाही. पितळी फ्रेमवर तर कन्व्हर्जन अजिबात नको.

टेक्सासकर: माझी स्टीलचीच आहे, ताई. काउबॉयचंच खोकं आणतो.