विषय: गाडीत रेग्युलर गॅस (पेट्रोल) की प्रीमियम?

नमस्कार मंडळी,

नुकतीच सेकंडहँड टर्बो गाडी घेतली. विकणारा म्हणाला, "इंजिन टिकवायचं तर प्रीमियमच भर." ऑफिसातले म्हणतात, पैसे वाया. मॅन्युअलमध्ये एकाच ओळीत 87 आणि 91 असे ऑक्टेनचे दोन्ही आकडे आहेत, त्यामुळे गोंधळ वाढलाय. जाणकारांनी कृपया सांगावं.

---

उत्तर:

गाडीबद्दल अभिनंदन!

त्या दोन आकड्यांपुढची अक्षरं नीट वाच. 91 पुढे आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) असेल, तर ती मोजणी भारतात आणि युरोपात वापरतात ती. इथे अमेरिकेत पंपावरच्या पिवळ्या स्टिकरवर आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) यांची सरासरी असते. त्यामुळे 91 आरओएन म्हणजे इथलं साधारण 87च, म्हणजे रेग्युलर. बरेच जण तो 91 बघून उगाच प्रीमियमचं बटण दाबतात.

प्रीमियममध्ये जास्त ताकद नसते. ठिणगीची ज्योत पोचायच्या आत सिलेंडरमधलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकलं की टकटक ऐकू येते, ती नॉकिंग. ऑक्टेन जितका जास्त, तितकं ते मिश्रण दाबाखाली तग धरतं. टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात दाब मोठा, म्हणून तिथे ऑक्टेनला महत्त्व. पण टर्बो आहे म्हणजे प्रीमियम हवंच असं नाही. अनेक टर्बो इंजिनं 87 साठीच बनवलेली असतात.

गॅसच्या झाकणाच्या आत बघ. 'रिक्वायर्ड' लिहिलं असेल तर प्रीमियमच भर, तिथे काटकसर मुळीच नको, इंजिनाची किंमत फार मोठी आहे. 'रेकमेंडेड' असेल तर रेग्युलर चालतं: नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, थोडी ताकद आणि मायलेज कमी होतं. मात्र भर उन्हाळ्यात ट्रेलर ओढत घाट चढायचा असेल, तर प्रीमियम भरावं. काहीच लिहिलं नसेल तर बिनधास्त 87. रेग्युलरवर चालणाऱ्या गाड्यांत प्रीमियम भरून अमेरिकेत वर्षभरात 2.1 अब्ज डॉलर वाया गेले, असं ट्रिपल ए या तिथल्या वाहनचालकांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितलं होतं. लोकांचे कष्टाचे पैसे असे जातात याचं मला फार वाईट वाटतं.

---

उत्तर:

काकांना दुजोरा. एक भर घालते: इंजिन स्वच्छ राहावं म्हणून प्रीमियम भरत असाल, तर त्याऐवजी 'टॉप टियर' चिन्ह असलेला पंप शोधा. तिथे डिटर्जंटचा वरचा दर्जा सगळ्या ग्रेडना पाळावा लागतो, रेग्युलरलासुद्धा.

आणि डोंगराळ राज्यांत गेलात तर 85 चं बटण दिसेल. मॅन्युअलमध्ये 87 असेल तर ते घेऊ नका.

---

उत्तर:

काका, ताई, मनापासून आभार. 91 पुढे आरओएनच आहे आणि झाकणाच्या आत काही लिहिलेलं नाही. पण टाकीत आत्ता अर्धं प्रीमियम आहे, ते संपवूनच रेग्युलर भरू का?

---

उत्तर:

संपवायची गरज नाही. त्यावरच 87 भर, दोन्ही मिसळले तरी काही बिघडत नाही.