मदत हवी आहे: बेसबॉलमधला स्लायडर (ऐनवेळी बाजूला वळणारा चेंडू) हातातून सुटतानाच ओळखायचा कसा?
माझी मुलगी बेसबॉल खेळते. फास्टबॉल छान मारते, पण स्लायडर आला की बाहेर जाणाऱ्या चेंडूवर हमखास बॅट फिरवते. डोळे तपासले, नजर उत्तम आहे. म्हणजे अडचण ओळखण्यातच असावी. ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू जेमतेम ०.४ सेकंदात पोचतो, त्यातले साधारण ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच जातात. ठरवायला वेळ उरतो कुठे!

सध्या पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) हातातून चेंडू सुटताच व्हिडिओ थांबवतो आणि 'कोणता?' विचारतो. तिथे ती बरोबर सांगते, मैदानावर मात्र फसते. उघडझाप करणाऱ्या स्ट्रोब चष्म्यांचा प्रत्यक्ष फटकेबाजीत कुणाला फायदा झालाय का? की खऱ्या पिचरसमोर बॅट न फिरवता नुसते चेंडू बघणं जास्त कामाचं? रोज साधारण किती चेंडू? कृपया अनुभव सांगा.