मदत हवी आहे: जावास्क्रिप्टच्या अ‍ॅरेमध्ये डिझाइन क्रमांकावरून ऑब्जेक्ट शोधताना ‘अनडिफाइन्ड’ मिळते

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या मामांचे चादरी-टॉवेलचे घाऊक दुकान आहे आणि त्यांच्यासाठी मी शिल्लक माल दाखवणारे एक वेबपान तयार करत आहे. त्यात कोणतीही लायब्ररी वापरलेली नाही.

सर्व नोंदी ‘माल’ या अ‍ॅरेमध्ये (क्रमवार यादीत) आहेत. प्रत्येक ऑब्जेक्टला (म्हणजे एका नोंदीला) डिझाइन, प्रकार, रंग, आकार आणि शिल्लक अशा प्रॉपर्टी असून डिझाइन क्रमांक नंबर म्हणून साठवला आहे. शोधपेटीत क्रमांक लिहिल्यावर पुढील ओळ चालते (येथे ती देवनागरीत लिहिली आहे):

माल.फाइंड(नग => नग.डिझाइन === शोध)

कोडमध्ये थेट ४१२ हा नंबर दिला तर ऑब्जेक्ट मिळतो, परंतु तोच क्रमांक शोधपेटीतून आला की ‘अनडिफाइन्ड’ (म्हणजे काहीच सापडले नाही) मिळते. शिवाय ४१२ या डिझाइनची जेकार्ड चादर लाल, निळ्या आणि हिरव्या रंगांत असूनही थेट नंबर दिल्यावर फक्त लाल रंगाचीच नोंद हाती येते. व्यापाऱ्याच्या ऑर्डरमधील प्रत्येक ओळीसाठी संपूर्ण अ‍ॅरे पुन्हा चाळावा लागतो, तेही योग्य आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

इनपुटची, म्हणजे शोधपेटीची, ‘व्हॅल्यू’ नेहमी स्ट्रिंग (मजकूर) असते, तर आपल्या ऑब्जेक्टमध्ये नंबर आहे, आणि तीन बरोबर-चिन्हांची तुलना मूल्यासोबत प्रकारही पाहत असल्यामुळे दोन्ही कधीच जुळत नाहीत. आलेल्या मजकुराला त्याचा नंबर करणारे ‘नंबर’ फंक्शन लावणे हा नेहमी सुचवला जाणारा उपाय आहे, पण आपल्या बाबतीत मी तो सुचवणार नाही. डिझाइन क्रमांकांची कोणी बेरीज करत नाही. ते मालाचे नावच असते, आणि उद्या ०४५ किंवा ‘४१२-अ’ असे डिझाइन आले तर पहिल्यातील शून्य गळेल आणि दुसऱ्याचे ‘नॅन’ (‘हा नंबर नाही’ अशी खूण) होईल. म्हणून अ‍ॅरेमध्येही तो स्ट्रिंग म्हणूनच ठेवावा आणि शोधपेटीतील मजकुराला फक्त कडेच्या मोकळ्या जागा काढणारे ‘ट्रिम’ लावावे.

सोलापुरात आणखी एक गोष्ट हमखास घडेल: मोबाइलवर मराठी कीबोर्ड असलेला माणूस देवनागरी अंक लिहील. जावास्क्रिप्टला ते अंक म्हणून कळत नाहीत. ‘नंबर’ फंक्शन त्यांचेही ‘नॅन’च करते आणि स्ट्रिंग म्हणूनही ते इंग्रजी अंकांशी जुळत नाहीत. त्यासाठी ‘रिप्लेस’ वापरून ० ते ९ यांपैकी प्रत्येक देवनागरी अंकाच्या कॅरेक्टर कोडमधून (संगणकातील त्या चिन्हाच्या क्रमांकातून) २४०६ वजा करावेत, म्हणजे त्याच किमतीचा इंग्रजी अंक मिळतो.

‘फाइंड’ पहिली जुळणारी नोंद सापडताच थांबते. सर्व रंग हवे असतील तर ‘फिल्टर’ वापरावे. ते नेहमी नवा अ‍ॅरे देते आणि काहीच न जुळल्यास तो रिकामा असतो, त्यामुळे तपासणी ‘लेंग्थ’वर (नोंदींच्या संख्येवर) करावी, कारण रिकामा अ‍ॅरेसुद्धा ‘इफ’मध्ये खराच ठरतो.

वेगाबद्दल म्हणाल, तर काही शे नोंदींसाठी वारंवार ‘फिल्टर’ केल्याने पान जाणवण्याइतके मंदावणार नाही. नोंदी आणि ऑर्डरी दोन्ही बऱ्याच वाढल्या तर २०१५ च्या आवृत्तीपासून भाषेत असलेला ‘मॅप’ (की दिल्यावर तिची व्हॅल्यू थेट देणारी रचना) वापरावा: पान उघडताना अ‍ॅरेवरून एकदाच फिरून डिझाइन ही की आणि त्या डिझाइनच्या सर्व ऑब्जेक्टचा छोटा अ‍ॅरे ही तिची व्हॅल्यू अशी रचना करावी. मॅपमध्येही स्ट्रिंग आणि नंबर या वेगळ्या की असतात. अ‍ॅरे आणि मॅप दोन्हीकडे ऑब्जेक्ट तेच असल्यामुळे एखाद्याची ‘शिल्लक’ बदलली तर ती दोन्हीकडे बदललेली दिसते. मात्र नवा माल नुसता अ‍ॅरेमध्ये ‘पुश’ केला तर मॅपला त्याचा पत्ता लागत नाही, म्हणून नोंद वाढवणारे एकच फंक्शन लिहून त्यातून दोन्हीकडे भर घालावी.