शब्दचर्चा : ‘पर्यवेक्षण’, ‘देखरेख’ की ‘मार्गदर्शन’?

प्रश्न : समाजकार्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘सुपरव्हिजन’ मराठीतून शिकवताना कोणता शब्द वापरावा?

उत्तर (नागपूर) : माझे मत ‘पर्यवेक्षण’ या शब्दाच्या बाजूने आहे. मात्र तो फळ्यावर लिहून पुढे जाता येत नाही, कारण आमच्या विद्यार्थ्यांच्या मनात हा शब्द दहावी-बारावीच्या परीक्षागृहातून आलेला असतो. तेथील पर्यवेक्षक बाकांमधून फेऱ्या मारतो, नक्कल होऊ नये म्हणून लक्ष ठेवतो आणि उत्तराविषयी एक अक्षरही बोलू शकत नाही. क्षेत्रकार्यातील, म्हणजे विद्यार्थी रुग्णालयात, संस्थेत किंवा वस्तीत जाऊन करतात त्या प्रत्यक्ष कामातील, पर्यवेक्षकाचे तर मुख्य काम बोलणे आणि ऐकणे हेच असते. एका विद्यार्थिनीने पहिल्याच वैयक्तिक चर्चेत, माझ्या हातातील तिच्या रेकॉर्डिंगच्या (क्षेत्रकार्याच्या लेखी नोंदींच्या) वहीकडे पाहत, ‘‘सर, काय तपासून राहिले तुम्ही? माझं काही चुकलं का?’’ असे विचारले होते. तेव्हापासून मी या शब्दासाठी एक पूर्ण तास राखून ठेवतो.

परि + अव + ईक्षण अशी त्याची घडण आहे. ‘परि’ म्हणजे सभोवार, आणि संस्कृतात ‘अवेक्षा’ या शब्दाला लक्ष देण्याबरोबरच काळजी घेण्याचाही अर्थ आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन घटकांचा अर्थ ‘वरून पाहणे’ असा होतो. आपला शब्द त्याहून उदार आहे, असे मला मनापासून वाटते.

खरा फरक विभक्तिप्रत्ययांत आणि शब्दयोगी अव्ययांत दिसतो. देखरेख कोणा‘वर’ ठेवली जाते, मार्गदर्शन कोणा‘ला’ केले जाते आणि पर्यवेक्षण कामा‘चे’ होते. म्हणूनच ‘विद्यार्थ्यांवर पर्यवेक्षण’ असे लिहू नये. ‘विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याचे पर्यवेक्षण’ असे लिहावे, म्हणजे पाहण्याचा विषय माणूस नसून त्याचे काम आहे, हे वाक्यातूनच स्पष्ट होते.

समाजकार्याचे अमेरिकी अभ्यासक आल्फ्रेड कदुशिन यांनी पर्यवेक्षणाची प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देणारी अशी तीन कार्ये मांडली. पहिली दोन विद्यार्थ्यांना लवकर कळतात. तिसरे कार्य कळण्यासाठी, ज्या रुग्णाशी विद्यार्थी महिनाभर बोलत होता त्याची खाट एके दिवशी रिकामी दिसावी लागते. त्या दिवशीच्या वहीत बहुधा दोनच ओळी असतात, आणि पर्यवेक्षकाने त्या दोन ओळींपाशीच थांबायचे असते.

प्रतिप्रश्न : ‘पर्यवेक्षिका’ म्हटले की अंगणवाडी सेविकांनाही नोंदवह्यांची तपासणी आठवते. मग आपण सरळ ‘मार्गदर्शन’ हाच शब्द का स्वीकारू नये?

उत्तर : आपली अडचण खरी आहे, आणि बोलताना मीही ‘मार्गदर्शन’ म्हणतो. परंतु मार्गदर्शन घेणारा ते ऐकून सोडूनही देऊ शकतो, आणि देणाऱ्यावर त्यापुढील कामाचे उत्तरदायित्व राहत नाही. विद्यार्थ्याने गृहभेटीत एखाद्या कुटुंबाला, आपल्या हाती नसलेल्या मदतीचे आश्वासन दिले, किंवा घरातील मुलाला मारहाण होत असल्याचे त्याच्या लक्षात आले, तर पुढे काय करायचे हे ठरवण्याची जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर टाकता येत नाही. पर्यवेक्षक त्या कुटुंबालाही बांधील असतो. ‘मार्गदर्शन’ या शब्दात त्या कुटुंबाला जागा नाही. ‘परि’ या उपसर्गात ती आहे.