दुपारी आवक वाढली की व्हर्च्युअल मशीन मंदावते

प्रश्न (नांदेड):
नमस्कार. नव्या मोंढ्यातील आमच्या आडतीचा हिशेब 8 कोअरच्या एका सर्व्हरवर चालतो. त्यावर ईएसएक्सआय (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारी व्हीएमवेअरची प्रणाली) असून 5 व्हर्च्युअल मशीन, म्हणजे असे आभासी संगणक, आहेत, आणि पुढे कमी पडू नये म्हणून प्रत्येकाला 8 व्हीसीपीयू (आभासी कोअर) दिले आहेत. सोयाबीनची आवक वाढली की दुपारी मालाच्या हिशेबाची एक पट्टी छापायला दीड-दोन मिनिटे लागतात. माल घालून गावाकडची एसटी गाठायची असलेला शेतकरी तोवर ताटकळत उभा असतो, हे पाहवत नाही. टास्क मॅनेजरमध्ये मात्र सीपीयू 40 टक्क्यांच्या पुढे जात नाही. रॅम वाढवावी का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर):
रॅमवर तूर्त खर्च करू नका. टास्क मॅनेजर मशीनच्या आतले पाहतो. खरा कोअर मिळेपर्यंत ते मशीन किती वेळ रांगेत होते, हे त्याला कळत नाही. होस्टच्या, म्हणजे मूळ सर्व्हरच्या, आलेखात ते ‘सीपीयू रेडी’ या नावाने मिलिसेकंदांत मिळते. चालू आलेखातील प्रत्येक बिंदू 20 सेकंदांचा असतो, म्हणून आकडा 20,000 ने भागून 100 ने गुणावा आणि मग व्हीसीपीयूंच्या संख्येने भागावे. मागील दिवसाच्या आलेखात बिंदू 5 मिनिटांचा असल्याने भाजक 3,00,000 होतो. पुष्कळ जण इथेच चुकतात आणि नसलेल्या दोषामागे लागतात. उत्तर 10 टक्क्यांच्या वर आले, तर दोष वाटपाचा समजावा, कारण 8 कोअरवर तुम्ही 40 व्हीसीपीयू बसवले आहेत.

प्रश्नकर्ता:
दुपारी दीड वाजता आकडा 24,000 होता, म्हणजे 15 टक्के. रात्री हिशेबाच्या मशीनला 4 आणि बाकीच्यांना 2-2 व्हीसीपीयू ठेवले. आज त्याच वेळी 3 टक्के आले आणि पट्टी 20 सेकंदांत निघाली. आपले मनापासून आभार. तरीही मधूनच सगळे थबकते.

उत्तर (लातूर):
आता डिस्क पाहावी. ईएसएक्सटॉपमध्ये (होस्टवरचे चालू आकडे दाखवणाऱ्या साधनात) ‘यू’ दाबल्यावर दिसणारा डीएव्हीजी हा रकाना डिस्ककडे लागलेला वेळ दाखवतो, तर केएव्हीजी होस्टच्या आत गेलेला. पहिला सतत 25 मिलिसेकंदांच्या वर असेल तर डिस्क किंवा कंट्रोलर तपासावा. दुसरा 2 च्या वर असेल तर होस्टमध्येच रांग लागते आहे. पण सर्वांत आधी एखादा जुना स्नॅपशॉट (मशीनची एका क्षणीची जपलेली स्थिती; त्यापुढचे बदल वेगळे साठत जातात) राहून गेला आहे का, ते बघा. तो 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे व्हीएमवेअरचेच सांगणे आहे. सापडल्यास वेगळा बॅकअप घेऊन मोंढा बंद झाल्यावरच काढावा, कारण साठलेले बदल मूळ डिस्कमध्ये मिसळताना मशीन आणखी मंदावते.