मातीच्या भिंतीला धुता येईल असा रंग सुचवा (घाई आहे!)

चिखल्या: भिंती मातीच्या. श्वास घेणारा, म्हणजे भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देणारा रंग हवा, पण धुताही आला पाहिजे. चुना हाताला लागतो, तो नको. प्लॅस्टिक पेंट चालत नाही हे माहीत आहे, कृपया तेच सांगू नका. रंगारी परवा येतोय. फक्त नाव सांगा.

पोपडा: आत की बाहेर? आधी काही लावलंय? ओल आहे का? आणि धुणे म्हणजे ओलं फडकं, की घासणी आणि साबण?

कुंचेवाला: चुना हाताला लागतो म्हणजे लावणाऱ्याने वाट लावलीय. भिंत आधी ओलसर करा, चुना दुधाइतका पातळ ठेवा, चार-पाच हात द्या, दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो दगडासारखा होतो, पण त्यासाठी ओलावा टिकायला हवा. उन्हात जाड थर फासलात तर भुकटीच राहणार.

खनिजप्रेमी: कसला चुना! सिलिकेट रंग (काचद्रवात कालवलेला खनिज रंग) लावा. १८७८ पासून आहे, घासला तरी जात नाही आणि वाफही अडवत नाही.

कुंचेवाला: चुन्या-सिमेंटवर, हो. नुसत्या मातीवर तो धरणार कशाला? वर कडक साल, आत मऊ माती, मग खपल्या.

खनिजप्रेमी: मग त्यातलाच डिस्पर्शन सिलिकेट घ्या. त्यात ५ टक्क्यांपर्यंत सेंद्रिय बंधक, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो.

मेणबत्ती: मी जमिनीला जवसाचं तेल पाच हात दिलं, वरून मेण. आरसा झालाय नुसता!

कुंचेवाला: ताई, भिंतीचं चाललंय.

चिखल्या: आतल्याच भिंती. जिना आणि स्वयंपाकघर. जुना डिस्टेंपर आहे, त्यावरच मारायचाय. खाली फूटभर ओल येते थोडी, पण ती नेहमीचीच.

पोपडा: अहो, हे आधी सांगायचं! ओला तळवा भिंतीवर घासा. पांढरा झाला तर डिस्टेंपर सुटतोय, तो खरवडून धुऊन काढल्याशिवाय वर काहीच टिकणार नाही. ओलीचं पाणी कुठून येतं ते आधी शोधा, रंगाने ओल बरी होत नाही. जिन्याला चुना आणि केसीन (दुधातलं प्रथिन). वाळला की पाण्यात सहज विरघळत नाही, ओल्या फडक्याने पुसता येतो. घासणी मात्र विसरा. ओलीच्या पट्ट्यात केसीन नको, बुरशी धरते. तिथे नुसता चुना. शेगडीमागे रंगाचा हट्ट सोडा, फरशी बसवा.

कुंचेवाला: शेवटी चुनाच ना? आणि लावताना डोळ्यांना चष्मा घाला, थेंब उडाला तर डोळा जाईल.

चिखल्या: एवढं सगळं परवापर्यंत कसं होणार? रंगाऱ्याने आजच एका भिंतीला प्रायमर मारून ठेवलाय.

पोपडा: कसला प्रायमर?

चिखल्या: पांढरा.

पोपडा: डब्यावर काय लिहिलंय ते वाचा आणि त्याला आत्ता फोन करा.